येत्या दहा वर्षांचा अदमास

पाडव्याच्या दिवशी देवळात पंचांग वाचण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. यंदा संवत्सराचा राजा कोण, मंत्री कोण, मेघांचा धनी कोण, पाऊस किती आढक, धान्य स्वस्त की महाग, हे सारे गुरुजी सांगतात आणि मंडळी कडुनिंबाचा पाला चघळत ऐकतात. कोणाची त्यावर पुरी श्रद्धा असते, कोणाची अर्धी. पण गुरुजी एक पथ्य पाळतात. ते एकाच वर्षाचे सांगतात. आताचे जाणकार एका वर्षावर भागवत नाहीत. दहा वर्षांनी देशाचे उत्पन्न किती होईल, शेतीवर किती लोक राहतील, शहरांत किती जातील, याचे आकडे ते दशांशचिन्हासकट देतात. आणि दशांशचिन्ह ऐकले की आपल्याला उगीचच भरवसा वाटतो. पुण्याची वेधशाळा त्या मानाने प्रामाणिक म्हणायची. एप्रिलात मोसमी पावसाचा अंदाज सांगताना त्यात पाच टक्के इकडेतिकडे होईल, हेही ती सांगून टाकते. तिची थट्टा मात्र आपण सर्वांत जास्त करतो!

अंदाज करूच नये, असे मला म्हणायचे नाही. अंदाजाशिवाय धरण बांधता येत नाही की मुलीचे लग्न ठरवता येत नाही. पण दहा वर्षांचा अदमास चुकला तर त्याचे पैसे कोण भरतो, हे आधी विचारून घ्यावे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना हा प्रश्न नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी त्यांनी त्याची पुरेपूर किंमत मोजली आहे.

झाले ते असे. 1836 साली इंदापुरापासून इंग्रजांनी तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी सुरू केली. मुदत सरली आणि 1867 पासून एकेका तालुक्यात नवी आकारणी होऊ लागली. मधल्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, अमेरिकेत यादवी युद्ध झाले होते. तिकडचा कापूस थांबला, इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर येऊन पडल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. आपल्या भागात कापूस फारसा नव्हता. पण मुंबईत पैसा खेळू लागला की भीमेकाठची बाजरीही महागते. त्यातच रेल्वेची कामे निघाली, मजुरी वाढली, सावकार आपण होऊन कर्ज देऊ लागले. आकारणी करणाऱ्या अंमलदारांनी हे चढे भाव पाहिले आणि सारा वाढवला. वाढ किती, तर दीडपट, आणि काही ठिकाणी दुप्पट. तीस वर्षांचा सारा म्हणजे तीस वर्षांच्या भावांचे भाकीतच की! फरक एवढाच, की भाकीत सरकारचे आणि हप्ता कुणब्याचा.

युद्ध तर 1865 सालीच संपले होते. अमेरिकेचा कापूस पुन्हा निघाला, इथले भाव उतरले, सावकाराने हात आखडता घेतला. सारा मात्र कागदावर लिहिला होता तेवढाच राहिला. त्यात 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांनी निकामी होई. कायदा केला होता ऋणकोच्या सोयीसाठी. व्यवहारात असे झाले, की दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घेई आणि कुणबी अंगठा उठवी.

डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवून ऋणकोचे घर पाडले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या शेतात कोणी राबेना, न्हावी दाढी करीना, पाणी भरायला माणूस मिळेना. लोण गावोगाव पसरले. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे मागून घेतले आणि जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे; तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते, आणि आजच्या दौंडचा मुलूखही त्याच भीमथडीत. माणसांच्या जिवाला हात लावण्यापेक्षा कागद जाळण्याकडे लोकांचा रोख होता, हे ध्यानात घ्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून 951 लोक पकडले गेले. पुढे चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी ऋणनिवारणाचा कायदा आला. पण 1867 च्या त्या अंदाजाचा भुर्दंड अंदाज करणाऱ्याला पडल्याचे कुठे वाचायला मिळत नाही.

लगेच 1876 चा दुष्काळ आला. त्या दिवसांत दौंड ते मनमाड रेल्वेचे मातीकाम निघाले आणि 1878 साली तो मार्ग सुरू झाला. भीमेकाठच्या एका साध्या गावाचे जंक्शन झाले. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडला तोंड फिरवावे लागे. इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. तेवढा वेळ गाडी उभी, म्हणून चहा, भजी, हमाल, रेल्वेची वसाहत, आणि हळूहळू सारे शहर. 1867 च्या कोणत्या अंमलदाराने हे वर्तवले असते? आणि आता अलीकडे कॉर्ड लाईन झाल्यावर कित्येक गाड्यांना तोंड फिरवण्याची गरज उरलेली नाही. 2017 साली पुणे ते दौंड विजेच्या तारा आल्या. ज्या खोळंब्यावर शहर उभे राहिले तो खोळंबा रेल्वेने कमी केला. प्रवाशाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. फलाटावरच्या विक्रेत्याचे मत वेगळे असू शकेल.

वाटेल, की हे परक्या सरकारचे आणि जुन्या काळाचे झाले. तर शंभर वर्षांनंतरचा एक दाखला घ्या. 1967 साली अमेरिकेतल्या पॅडॉक बंधूंनी एक पुस्तक लिहिले. 1975 पर्यंत जगात मोठा दुष्काळ पडणार, आणि हिंदुस्थान हा वाचवता न येणाऱ्या देशांपैकी आहे, सबब त्याला धान्य पाठवू नये, असे त्यांचे म्हणणे. लोकसंख्येची रेघ त्यांनी नीट ओढली होती. बियाण्याची रेघ राहून गेली. 1964-65 साली देशात सुमारे 1 कोटी 23 लाख टन गहू पिकला होता. 1970-71 साली तो 2 कोटी 38 लाख टनांच्या घरात गेला. गंमत अशी, की दुष्काळ आमच्याकडे खरोखरच आला. 1972 सालचा दुष्काळ शिरूर-दौंडच्या म्हाताऱ्यांना विचारा. सुकडी आणि खडी फोडण्याची कामे अजून त्यांच्या बोलण्यात येतात. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पावसाचे भाकीत खरे ठरले आणि माणसे मरण्याचे खोटे. कारण मध्ये कोणीतरी कामे काढली, हजेरीपट ठेवले, आणि लोकांनी त्यावर राबून दाखवले. त्याच अनुभवातून पुढे 1977 चा रोजगार हमीचा कायदा झाला.

आता येत्या दहा वर्षांकडे वळू. भावांचे काय होईल, हे मला विचारू नका, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्यालाही विचारू नका. 2023 चा डिसेंबर आठवा. 7 तारखेला दिल्लीहून हुकूम आला, की उसाच्या रसापासून इथेनॉल करायचे नाही. दुसऱ्या दिवशी कांद्याची निर्यात बंद झाली. ऊस आणि कांदा, या दोन तालुक्यांची दोन पैशाची पिके, चोवीस तासांत दोन्हींचा हिशेब फिरला. त्याच सरकारने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट 2030 वरून अलीकडे ओढले होते, आणि त्या बोलावर कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या उभ्या केल्या होत्या. कांद्याची बंदी मे 2024 मध्ये उठली, इथेनॉलचे निर्बंध त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. तोवर चाळीत सडलेला कांदा काही परत येत नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे आसपासच्या जमिनीचे भाव चढले, तेही असेच चढत राहतील असे धरून जो कर्ज काढतो, तो 1867 च्या अंमलदारासारखाच हिशेब करतो. फक्त या खेपेस हप्ताही त्याचाच असतो.

पण काही गोष्टी अशा आहेत, की त्या भाकिताच्या नाहीतच, मोजदादीच्या आहेत. पाणी ही त्यातली पहिली. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी मावते. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे पाणी मुठेच्या उजव्या कालव्याने दौंडवरून इंदापुरापर्यंत जायचे. पुणे शहराची वस्ती 1961 साली सुमारे 6 लाख होती. 2011 साली महापालिकेच्या हद्दीत 31 लाख झाली. आज निम्म्याहून अधिक पाणी शहराला लागते. धरण तेवढेच, शहर वाढते. तेव्हा दहा वर्षांनी दौंडच्या कालव्याला आवर्तने वाढतील की घटतील, हे सांगायला ज्योतिषी नको. मुंढव्याहून शहराचे वापरलेले पाणी शुद्ध करून जुन्या कालव्यात सोडतात. पुढच्या दहा वर्षांत दौंडचे पाणी अधिकाधिक त्या जातीचे असणार. ते किती शुद्ध असेल, यावर खुटबाव-केडगावच्या विहिरींचे आणि तिथल्या पोरांच्या अंगावरच्या खरजेचे भवितव्य आहे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत किती पाणी, एवढेच विचारून चालणार नाही. कसले पाणी, हेही विचारावे लागेल.

शिरूरकडे गोष्ट निराळी. घोड, चासकमान, डिंभे यांच्या पाण्याने तिथे ऊस उभा राहिला. उसामागे साखर येणार, हे योजनाकारांनी लिहून ठेवले होते. उसात बिबट्याची मादी पिल्ले घालील आणि रात्रीचे पाणी धरायला माणूस शेतात जायला भिईल, हे कुठल्या अहवालात होते? रात्रीच वीज, रात्रीच पाणी, आणि रात्रीच बिबट्या. येत्या दहा वर्षांत दिवसा वीज देणे हा शिरूरमध्ये आर्थिक प्रश्न राहत नाही, जिवाचा होतो.

दुसरी मोजदाद माणसांची. 2011 च्या जनगणनेत शिरूर तालुक्यात सुमारे 3 लाख 85 हजार माणसे होती, दौंडमध्ये 3 लाख 80 हजार. पुढची गणना 2021 साली व्हायची, ती त्या वर्षी झाली नाही. म्हणजे आज जे कोणी या तालुक्यांच्या शाळा, दवाखाने, पाणी यांचे आराखडे करतात, त्यांच्या हाती बरेच जुने माप आहे. तरीही त्या जुन्या मापात एक आकडा असा आहे, की तो काळाबरोबर शिळा होत नाही, उलट पिकत जातो. पुणे जिल्ह्यात 2011 साली सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या 883. त्याआधी, 2001 साली, 902. दहा वर्षांत एकोणीस मुली कमी. गर्भलिंग निदानाला बंदी करणारा कायदा 1994 सालचा, आणि हा आकडा त्यानंतरचा.

ती मुले 2036 साली पंचवीस ते बत्तीस वर्षांची असतील. त्यात भाकीत काही नाही. ती जन्मलेली आहेत, मोजलेली आहेत. हजार मुलग्यांमागे सव्वाशेच्या आसपास मुली आधीच कमी. त्यातही शिकलेल्या मुलीचे आईबाप नोकरीवाला आणि पुण्यात फ्लॅट असलेला जावई पाहतात. त्यांना दोष देता येत नाही. कोरडवाहू शेती आणि बेभरवशाचे पाणी त्यांनी स्वतः भोगले आहे. राहतो तो चार एकरांचा धनी, बारावी झालेला, आईबापांजवळ थांबलेला मुलगा. आज चौफुल्यावर, न्हावऱ्यात, पाटसला बैठकीत बसा, अशा मुलांची नावे गावकरी बोटांवर मोजतात. दहा वर्षांनी बोटे पुरणार नाहीत. लांबच्या जिल्ह्यांतून, परप्रांतांतून मुली आणणारे मध्यस्थ निघाले आहेत, आणि त्यात फसवणुकीच्या फिर्यादीही होतात. दुसरीकडे महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी 1.7 मुले, असे 2019-21 च्या पाहणीत आढळले. घरात म्हातारी दोन, मुलगा एक, सून नाही. म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणार कोण, गोठा काढणार कोण, आणि बाईमाणसाच्या हाताने चालणारी निंदणी-खुरपणी मजुरीने करून घ्यायची तर तो खर्च उसाच्या कोणत्या भावात बसणार, हे हिशेब आजच मांडता येण्याजोगे आहेत. येत्या वर्षात जे मूल जन्माला यायचे आहे, त्याचा आकडा तेवढा अजून लिहिला गेलेला नाही. तो शिरूरच्या आणि दौंडच्या सोनोग्राफीच्या खोल्यांत लिहिला जाईल.