गच्चीवरचा भाजीपाला : पुन्हा मांडताना

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात, सोसायटीच्या गच्चीवर, बाग उपसमितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. दूध आटायलाही तेवढाच वेळ आहे असं कळलं, म्हणजे कुणी मधून उठून जाणार नाही, ही खात्री आहे.

आपण आज जिथे सतरंज्या घालून बसलो आहोत, तिथे दीड वर्षापूर्वीपर्यंत विटांचे सहा वाफे होते. नव्याने राहायला आलेल्या मंडळींना हे माहीत नसेल. सोसायटीच्या पहिल्या पिढीतल्या आजी-आजोबांनी ते हौसेने बांधले, त्यात लाल माती भरली. त्या वाफ्यांतली वांगी आपण सगळ्यांनी खाल्ली आहेत. गौरीच्या नैवेद्याला अळूची पानं कित्येक वर्षं बाजारातून आणावी लागली नाहीत. आणि त्याच वाफ्यांखाली, बी विंगच्या वरच्या मजल्यावर, तीन घरांची छतं पावसाळाभर ठिबकत होती. एका घरात पाळण्याच्या वर प्लॅस्टिक बांधलं होतं, ते मी स्वतः पाहिलं आहे.

बाग कायमची बंद करावी, असा ठराव सभेत आला तेव्हा काहीजणांना राग आला. मला आला नाही. ज्यांच्या डोक्यावर पाणी पडतं, त्यांनी अळूवडीचं कौतुक का करावं? सभेने ठराव एक वर्ष पुढे ढकलला. वाफे फोडले, माती खाली उतरवली, कोबा नव्याने घातला, पाणी भरून चाचणी घेतली. त्यानंतर आपल्या ठाण्याचा एक अख्खा पावसाळा गेला. तिन्ही छतं कोरडी आहेत. पुढच्या महिन्यात सभेत मत घ्यायचं आहे, म्हणून आज हे सगळं सांगतेय.

पहिली गोष्ट वजनाची. ओल्या मातीचं वजन एका घनफुटाला ५० किलोच्या आसपास भरतं. आपला एक वाफा दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि फूटभर खोल. म्हणजे विटा सोडून नुसती माती दीड टन. असे सहा वाफे म्हणजे नऊ टन. खाली पार्किंगमधल्या सहा मोठ्या गाड्या क्रेनने उचलून इथे ठेवल्या, तर कुणाला झोप लागेल का? माणसांच्या वापराची गच्ची धरताना आपल्याकडच्या मानकांनुसार हिशेब दर चौरस मीटरला १५० किलोचा, म्हणजे चौरस फुटाला साधारण १४ किलोचा असतो. आपण ५० ठेवत होतो, तेही वर्षाचे बारा महिने.

दुसरी गोष्ट पाण्याच्या वाटेची. वाफे थेट लादीवर बांधलेले, त्यामुळे उतार अडला. पाणी विटांखाली साचून राहिलं आणि कोब्याला जिथे चीर मिळाली तिथून मुरलं. कोपऱ्यात पिंपळाचं एक रोपटं उगवलं होतं, त्याची मुळं किती खोल गेली होती हे वाफा फोडताना मजुरांनी दाखवलं. झाडांमुळे गळती होते, हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटतं. गळती साचलेल्या पाण्याने होते. ते हलवता आलं, तर गच्ची आणि भाजी एकत्र नांदू शकतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच शतकाच्या सुरुवातीला स्वयंपाकातल्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली, तीही अशाच भरपूर पावसाच्या शहरात.

आता नवी मांडणी. विटांचं बांधकाम नाही. लोखंडी स्टँड, जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे झाडू खालून फिरेल आणि पाणी जाळीपर्यंत जाईल. त्यावर पालेभाजीसाठी सहा इंच खोलीचे पसरट ट्रे. पालक, मेथी, कोथिंबीर, लाल माठ यांना त्याहून जास्त खोली लागतच नाही. वांगी, टोमॅटो, मिरचीला फूटभर खोल पिशव्या हव्यात. त्या मधोमध ठेवायच्या नाहीत, कडेला, जिथे खाली तुळया आहेत तिथे. कुठे किती, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशावर आखून दिलं आहे, तो नकाशा जिन्याच्या दारामागे लावला आहे.

भरायचं काय, तर माती जवळजवळ नाहीच. एक भाग भिजवून धुतलेला नारळाचा भुसा, एक भाग कंपोस्ट, एक भाग कुजलेला पालापाचोळा, वर ओंजळभर माती. पाच किलोची भुशाची वीट पाण्यात टाकली की फुगून साठेक लिटर होते, आमच्या घरी टब कमी पडला. हे मिश्रण ओलं असतानाही मातीच्या निम्म्याहून कमी वजनाचं असतं. पाचोळा विकत आणायचा नाही. आपल्या बदामाचा आणि आंब्याचा पाला सफाईवाल्या ताई रोज गोणीत भरून कचरागाडीत देतात, तो तिथेच अडवायचा. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक, पण प्रयोग परिवारातून त्यांनी साध्या शेतकऱ्यांना हेच शिकवलं की पाला-पाचोळा ही टाकायची वस्तू नाही, तिथूनच सुपीक माती तयार होते.

ओल्या कचऱ्याबद्दल वासाची भीती रास्त आहे. वास येतो तो पाणी जास्त झालं आणि हवा मिळाली नाही म्हणून. ओल्याच्या प्रत्येक थरावर सुका पाला टाकायचा, आठवड्यातून दोनदा हलवायचं, शिजलेलं अन्न आणि मटण-मासळी घालायची नाही. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत मिळतं आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

लावायचं काय, यावर सगळ्यांची मतं आहेत, आणि ती असावीत. माझं मत असं, की पहिल्या हंगामात हौस आवरायची. थंडी येतेय, तर पालेभाज्या, मुळा, टोमॅटो. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरा, अख्खे पेरले तर रुसून बसतात. मेथी तर डब्यातलीच चालते. वेलांसाठी मृगापर्यंत थांबायचं. दुधी आणि दोडका लावू तेव्हा मुलांना एक काम देणार आहे. उंच गच्चीवर मधमाश्या कमी येतात, फुलं येतात आणि गळून जातात. ज्या फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो ते मादीचं, नुसत्या देठावरचं नराचं. नराचं फूल तोडून त्याचे पराग मादीच्या फुलाला लावायचे. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणजे शाळा, क्लास सगळं आटोपून जमतं. भोपळ्यासाठी मात्र सकाळी लवकर उठावं लागेल, त्याला स्वयंसेवक मिळणं कठीण दिसतंय.

मावा आणि पिठ्या ढेकूण येणारच. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण, संध्याकाळी फवारायचं, पानाच्या खालच्या बाजूने. दुसरं कुठलंही औषध गच्चीवर येणार नाही. इथे पापड-कुरडया वाळतात.

आणि ज्या तीन घरांनी सोसलं, त्यांच्याशी बसून आम्ही एक कलम लिहिलं आहे. ते मतदानाच्या कागदावर बागेच्या प्रस्तावासोबतच येईल. पावसाळ्यात दर पंधरवड्याला उपसमितीतले दोघे त्या घरांत जाऊन छत पाहतील आणि वहीत सही घेतील. कुठेही ओल दिसली, तर त्या जागेवरचे स्टँड आठ दिवसांत हलवायचे, सभा न बोलावता, वाद न घालता. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी यात स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे, ‘भाजी तयार झालेली असली तरी’. ती ओळ आम्ही तशीच ठेवली आहे.

रविवारी सकाळी आठला नमुन्याचे दोन स्टँड मांडून ठेवतो. वजनकाटाही आणणार आहे, पाणी घातलेला ट्रे तुमच्यासमोर तोलू. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तर नक्की यावं. आता दुधाला वेलदोडा लागल्याचा वास येतोय, मी बसते.