निरोप पोहोचलाच पाहिजे



परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घाटवळणे पार करीत सिपना नदीच्या काठी येतो. तेथे सेमाडोह वसले आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. घाटांचा मेळ असलेल्या या अरण्यात वणव्याची वार्ता वेळेवर कळली नाही, तर डोंगरच्या डोंगर काळवंडतात. म्हणून कार्यालयीन संदेशवहन हा केवळ शहरातील संगणकतज्ज्ञांचा विषय नव्हे. त्याची खरी कसोटी अशा दुर्गम ठिकाणीच लागते.

वनखात्याची रचना सर्वांच्या परिचयाची आहे. नियतक्षेत्रात वनरक्षक, वर्तुळात वनपाल, परिक्षेत्रात वनक्षेत्रपाल आणि त्यावर विभागीय कार्यालय. संदेशांची वाटणी करणारे सर्व्हरही असेच उतरंडीने मांडता येतात. जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये 'जॅबर' या नावाने जगापुढे आणलेली पद्धत २००४ मध्ये 'एक्सएमपीपी' या नावाने प्रमाणित झाली. ती खुली आहे. 'ईजॅबर्डी' किंवा 'प्रॉसडी' यांसारखी मुक्त आज्ञावली घेऊन कोणतेही कार्यालय स्वतःचा सर्व्हर उभारू शकते. त्यासाठी साधा संगणकही पुरतो.

यात प्रत्येक कर्मचाऱ्याला ई-मेलसारखा पत्ता मिळतो. सर्व्हर त्या पत्त्याचा उत्तरार्ध पाहतो. पत्ता आपल्याच कार्यालयाचा असेल, तर निरोप तेथल्या तेथे सुपूर्द होतो. तो परक्या कार्यालयाचा असेल, तर त्या कार्यालयाचा सर्व्हर शोधून त्याच्याकडे पाठविला जातो. ज्याला निरोप द्यायचा तो जोडलेला नसेल, तर निरोप जपून ठेवला जातो. परिक्षेत्र कार्यालयात असा सर्व्हर असला, की बाहेरची तार तुटली तरी आवारातील जाळ्यावरचा व्यवहार थांबत नाही. मात्र जेथे जाळेच पोहोचत नाही, तेथे सर्व्हर काही करू शकत नाही. म्हणून बिनतारी संच अडगळीत टाकणे आत्मघातकी ठरेल.

खरा धोका निराळाच आहे. वनरक्षक दरीत उतरला, की त्याच्या फोनची जोडणी मूकपणे तुटते. सर्व्हरला मात्र ती काही काळ शाबूत वाटते. त्या अवधीत पाठविलेला निरोप हवेत विरतो आणि पाठविणारा निर्धास्त राहतो. यासाठी तीन गोष्टी आरंभीच करून घ्याव्यात. पहिली, सर्व्हर व फोन यांच्यात पोचपावतीची सोय सुरू करावी. पोच न आल्यास निरोप पुन्हा धाडला जातो. दुसरी, विलंबाने मिळालेल्या निरोपावर मूळ वेळ दिसेल असे पाहावे. सकाळचा वणवा सायंकाळी 'आत्ताच लागला' असे वाटून माणसे भलतीकडे धावू नयेत. तिसरी, सर्व्हरला बॅटरीचा आधार द्यावा आणि नोंदींची प्रत अन्यत्र ठेवावी. वाघाचा वावर कोठे आढळला, ही माहिती शिकाऱ्याच्या हाती पडू नये म्हणून सर्व संदेश कूटबद्ध असणे तर अनिवार्यच आहे.

राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने शासकीय कामासाठी 'संदेस' ही प्रणाली विकसित केली, त्यामागेही हाच विचार आहे : कार्यालयाचा निरोप कोणत्या वाटेने जातो आणि कोठे साठतो, हे त्या कार्यालयाला ठाऊक असले पाहिजे.

यंत्र कितीही कुशल असो, व्यवस्थेची परीक्षा एकाच प्रश्नाने होते. सिपनेच्या खोऱ्यात एकटा उभा असलेला वनरक्षक धूर पाहून हाक देतो, तेव्हा ती ऐकली गेली, हे त्याला कळते काय? ज्या व्यवस्थेत ते कळते, तीच उभारण्याजोगी.