शिसे आणि आपल्या मुलांचा अभ्यास
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



“गुरुजी, पोरगा डोक्याने चांगला होता हो, आठवीत गेल्यापासून लक्षच लागत नाही,” ही तक्रार पालकसभेत नेहमी ऐकू येते. कारणे अनेक असतात. त्यांपैकी ज्याचा सहसा संशयही येत नाही, अशा एका कारणाविषयी मी बोलणार आहे. ते म्हणजे शिसे.

आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा, झरी जामणी भागात बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडने मुलांचे दात डागाळतात. ते निदान दिसते तरी. शिसे दिसत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत-दातांत साठवते आणि वाढत्या मेंदूलाही ते बाधते.

डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी अमेरिकेत बोस्टनजवळच्या शाळांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, ती मुले बुद्धिमापनात मागे आणि वर्गात चंचल, असे १९७९ साली त्यांनी प्रसिद्ध केले. पुढे त्यांतील १३२ मुले तरुण झाल्यावर पुन्हा तपासली. १९९० च्या अहवालाप्रमाणे, अधिक शिसे असलेल्यांत शाळा अर्ध्यावर सोडण्याची शक्यता सुमारे सातपट होती आणि वाचनदोषाची सुमारे सहापट. लक्षात घ्या, लहानपणी यांपैकी कोणी आजारी दिसत नव्हते! अशा मुलाला आपण सरळ ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो.

पेट्रोलमधील शिसे आपल्या देशात २००० साली बंद झाले. घरगुती रंगांवरही २०१७ पासून मर्यादा आहे. पण जुन्या दारांचे पोपडे तसेच आहेत. आपल्या समाजात गॅरेज, भंगार, बॅटरी दुरुस्ती, कल्हई हे धंदे अनेकांचे. धंदा इमानाचा आहे, त्यात कमीपणा नाही. परंतु बॅटरी फोडून प्लेटा अंगणात वितळवणे, किंवा त्याच कपड्यांनी घरी येऊन लेकराला उचलून घेणे, हे थांबले पाहिजे. कल्हईच्या कथिलात स्वस्ताईसाठी शिसे मिसळले जाते, तेही पारखून घ्यावे.

आता सुरम्याविषयी, थोडे नाजूक आहे तरी बोलतो. बाजारात इस्मिद म्हणून मिळणारा काळा चमकदार दगड पुष्कळदा शिशाचेच खनिज असतो. बाळाच्या डोळ्यांतला सुरमा बोटाला लागतो आणि बोट तोंडात जाते. मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या पोटात शिसे चार-पाच पट अधिक शोषले जाते. रीत सोडा असे मी म्हणत नाही. माल कशाचा आहे ते विचारा, आणि खात्री नसेल तर लावू नका.

मुलांच्या आहारात दूध, पालेभाजी, डाळी असाव्यात; लोह व कॅल्शियम कमी पडले की शिसे अधिक मुरते. सुटीत गॅरेजवर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, कामाचे कपडे तिथेच ठेवावेत. ज्या घरात हा धंदा आहे आणि मूल अभ्यासात एकाएकी मागे पडले आहे, त्या पालकांनी डॉक्टरांना रक्तातील शिशाची तपासणी करण्याबद्दल विचारावे. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळल्यास शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले आहे. तपासणीचा कागद वर्गशिक्षकांनाही दाखवावा. त्या मुलाला पुढच्या बाकावर बसवून थोडे थोडे शिकवणे आमच्या हाती आहे.