टोमॅटोचा हिशेब

आमच्या वऱ्हाडातली जुनी माणसे टोमॅटोला 'भेदरं' म्हणतात. नाव काहीही घ्या, पिकले की ते थांबत नाही. तूर, सोयाबीन घरात ठेवून भावाची वाट पाहता येते; टोमॅटो लाल होऊ लागला की दर दोन-तीन दिवसांनी तोडा आलाच.

२०२३ सालचेच पाहा ना. मे महिन्यात नाशिककडच्या शेतकऱ्यांनी दोन-तीन रुपये किलोचा माल रस्त्यावर ओतला. जुलैत शहरात भाव शंभरावर गेला, आणि ऑगस्टात नेपाळहून टोमॅटो आणावा लागला! पण मे महिन्यात ज्याने झाडे उपटली, त्याच्याजवळ जुलैत होते काय? लावणीपासून पहिल्या तोड्याला दोन-अडीच महिने लागतात.

मेहकरजवळचे माझे एक परिचित अर्ध्या एकरात टोमॅटो लावतात. एकदा सकाळीच आले. म्हणाले, "सर, हिशोब करून द्या. तोडू का राहू देऊ?" वीस किलोचा क्रेट, भाव दोन रुपये, म्हणजे चाळीस रुपये. त्यातून मजुरी, हमाली, गाडीभाडे. बांबू, तार, औषध यांचा खर्च तर आधीच होऊन गेलेला. कागदावर तोटाच निघाला.

"तरी तोडाच लागते, सर. झाडावर सडू देलं त पुढचा तोडाबी जाईन."

दुपारी पाहिले, तर क्रेट रचून ते फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे होते.