जखम भरते, वेदना का राहते?

लातुरात उभं राहून चिरडलेल्या नसेबद्दल बोलायचं तर ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवतेच. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून किल्लारी, सास्तूरची माणसं झोपली होती. चारच्या सुमारास भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसं गेली. वाचलेल्यांत हातपाय चिरडलेले होते, कापावे लागलेले होते. अशी दुखणी टाके निघाले म्हणून संपत नाहीत. आग होते, चमका निघतात, चादर लागली तरी कळ मस्तकात जाते. नसलेल्या पायाचा अंगठा ठणकतो. मधुमेहात, कुष्ठरोगात, नागीण बरी झाल्यावरही हेच घडतं. आणि घरची माणसं म्हणतात, ‘जखम तर भरली, आता हे मनाचं आहे.’ हे म्हणणं चूक आहे आणि अन्यायाचं आहे.

अंगठ्याची वेदना टिपणाऱ्या चेतापेशीचं केंद्रक अंगठ्यात नसतं. ते असतं कमरेच्या मणक्याशेजारच्या लहानशा गाठीत. तिथून जवळजवळ मीटरभर लांब धागा पावलापर्यंत गेलेला असतो. नस तुटते खाली, पण ती तुटल्याची खबर धाग्यातली प्रथिनं वर केंद्रकापर्यंत वाहून नेतात. आपल्या पेशीपेशीत जनुकांची तीच पोथी असते. पेशी फक्त आपापले अध्याय वाचते. खबर पोचली की ही पेशी अध्याय बदलते. एरवी तिच्यात जेमतेम असणारं एटीएफ-३ नावाचं प्रथिन दिवसभरात केंद्रकात जमतं आणि कितीतरी जनुकांचं वाचन फिरवतं. २०२० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या अशा पेशी एकेक करून तपासल्या. स्पर्श टिपणारी असो की वेदना टिपणारी, प्रत्येक पेशी आपली वेगळी ओळख मागे सारून एकाच कामाला लागली होती : तुटलेला धागा पुन्हा वाढवायचा.

शरीराची ही धडपड मला फार मोलाची वाटते. पण तिच्याबरोबर इतरही बदल होतात. पेशीला शांत ठेवणाऱ्या पोटॅशियमच्या वाहिन्या घटतात, मग ती कुणी न छेडताच संदेश सोडू लागते. मॉर्फिन ज्याला चिकटतं तो ग्राहीही कमी होतो. अशा वेदनेत मॉर्फिन तोकडं पडण्याचं हे एक कारण. सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्या तर फारशा लागूच पडत नाहीत. उलट अल्फा-२-डेल्टा नावाचं प्रथिन वाढतं आणि गॅबापेंटिन नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. सगळ्यांना त्याचा गुण येत नाही, पण फिटची ही गोळी वेदनेवर का लिहून दिली, याचं उत्तर इथे आहे.

त्याच उंदरांत धागे वाढून पुन्हा त्वचेपर्यंत पोचले, तसतशा पेशी आपल्या मूळ वाचनाकडे परतल्या. माणसाची नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मांडीपासून पावलापर्यंत जायला दीड-दोन वर्षंही लागतात. पाय कापलेल्या माणसाच्या नसेला मात्र पोचायला जागाच उरत नाही. वाढणारे धागे खुंटातच गुंततात, त्यांची गाठ होते, आणि तिला हात लागला की माणूस कळवळतो. म्हणून आता काही शल्यविशारद कापलेल्या नसेचं टोक तसंच न सोडता जवळच्या स्नायूत जाणाऱ्या बारीक नसेला जोडून देतात. तिथे धाग्यांना पोचायला स्नायू मिळतो, आणि अनेकांचा नसलेला पाय कमी ठणकतो.