गाळलेल्या पाण्याचा गौरव
(सुवर्ण महोत्सव समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी, जलशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तरीही विद्यापीठातील एका जलसंशोधनाचा गौरव करण्यास उभा आहे. कारण त्या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहे एक जुनी सुती साडी.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या डॉ. रिटा कॉलवेल यांनी पटकीच्या जंतूचा प्रदीर्घ अभ्यास केला. हा जंतू पाण्यातील सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतो. एकटा जंतू कापडातून निसटतो. परंतु त्याला वाहून नेणारा जलचर दाट कापडात अडकतो. बांगलादेशातील मतलब भागात, जेथे पाणी उकळण्यास सरपणही दुर्मिळ, तेथील ६५ खेड्यांत त्यांनी सहकाऱ्यांसह हा प्रयोग केला. घड्या घालून अनेक पदरी केलेल्या जुन्या साडीतून पाणी गाळणाऱ्या कुटुंबांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्यापेक्षा जुनी साडी सरस ठरली, कारण वारंवार धुतल्याने विणीतील छिद्रे लहान होतात. २०१० मध्ये डॉ. कॉलवेल यांना स्टॉकहोम जल पुरस्कार लाभला.

आपल्याकडे अणगळ पाणी वर्ज्य. मात्र आपण गाळतो ते पाण्यातील जीव वाचावा म्हणून. तेथे गाळले ते माणूस वाचावा म्हणून. त्यामुळे 'हे आमच्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते' असे म्हणून पाठ थोपटून घेणे मला प्रामाणिक वाटत नाही.

उलट एक कबुली देतो. हे वाचल्यावर मी घरच्या नळाचे गाळणे सोडून पाहिले. ते निघाले एकपदरी, सिंथेटिक, माझ्याच दुकानातील उरलेल्या तुकड्याचे आणि शेवाळ धरलेले! बोटांनी कापडाचा पोत ओळखणारा मी. पण रोज त्याच नळाचे पाणी पीत होतो. नियम पाळला जात होता. त्यातील विवेक मात्र केव्हाच गळून गेला होता.

कापडाने सर्व रोगजंतू अडत नाहीत. विषाणू आणि मोकळे जंतू पार होतात. म्हणून पाणी उकळणे वा शुद्ध करणे आवश्यकच आहे. परंतु गाळणे सुती व अनेक पदरी असावे, ते नित्य धुवावे आणि उन्हात वाळवावे, एवढे तर आपल्या हाती आहे. आपल्या ट्रस्टच्या प्रत्येक पाणपोईपासून याचा आरंभ व्हावा. त्यासाठी लागणारे सुती कापड देण्याची संधी मला मिळावी, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र.