आमच्या घरचा मोडी कागद
(बोईसर येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



सभेच्या चालकांनीं मला सांगितलें कीं, दादा, लहानपणच्या चार गोष्टी सांगा, आईबापांच्या सांगा, मनांत बाळगलेल्या स्वप्नांच्या सांगा. आतां स्वप्नें म्हटलीं कीं लोकांना वाटतें, हा गृहस्थ आपण मोठा कसा झाला तें सांगणार. तसें कांहीं नाहीं. बोईसरच्या एका कारखान्यांत बत्तीस वर्षें फिटरचें काम केलें आणि निवृत्त झालों, एवढाच माझा पराक्रम. पण आमच्या घरांत तीन माणसांनीं तीन स्वप्नें उराशीं धरलीं होतीं, आणि त्या तिहींच्या आड एक कागद होता. त्याची हकीकत सांगतों. कारण तसा कागद तुमच्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं पत्र्याच्या पेटींत आजही पडलेला असेल.

आमचें घर तारापूरच्या बाजूला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. वडील ठसे कोरीत. ज्याला आपण आज डाय म्हणतों तोच हा धंदा. चिंचणी-तारापूरकडच्या माणसाला तो सांगावा लागत नाहीं. पण पालघरच्या पूर्वेकडून आलेल्या मंडळींसाठीं सांगतों. दागिन्याचें पान, फूल, मोर, देवीचा मुखवटा पोलादाच्या तुकड्यांत खोल कोरावयाचा. सोन्यांत जें वर यावयाचें तें पोलादांत खालीं जातें, आणि जें डावीकडे दिसावयाचें तें उजवीकडे कोरावें लागतें. वडील खिडकीपाशीं उजेडाला बसत; एका हातांत बारीक छिन्नी, दुसऱ्यांत लहान हातोडी, डोळ्याला भिंग. एका मोराच्या पिसाऱ्याला आठ आठ दिवस लागत. कोरून झालें कीं तुकडा भट्टींत लाल करून विझवावयाचा, म्हणजे तो कडक होतो; त्या वेळीं तडा गेला तर आठ दिवसांची मजुरी गेली. पुढें तो ठसा मुंबईस झवेरी बाजारांत जाई. तेथें त्यावर पत्रा ठोकून एकासारखे एक दागिने निघत, हजारों निघत. कारागिराला मजुरी मात्र एकदांच! माझ्या आईच्या गळ्यांत काळी पोत आणि दोन मणी, यापलीकडे सोनें मीं कधीं पाहिलें नाहीं.

वडिलांचें स्वप्न असें कीं, मुलाच्या हातीं छिन्नी जाऊं नये. १९६९ सालीं तारापूरला हिंदुस्थानांतलें पहिलें अणुवीजकेंद्र चालू झालें. रात्रीं तिकडे दिव्यांची रांग दिसे, आणि आमच्या घरीं रॉकेलची चिमणी. वडील म्हणत, “तिकडे खुर्चीवर बसून काम असतें. तूं त्या दिव्यांत जा.” ज्याच्या बोटांतून मोर उतरत असे तो माणूस आपल्या बोटांना हलकें समजत होता! हें त्यास कोणीं शिकविलें? हातानें काम करील तो खालचा आणि तोंडानें करील तो वरचा, हा धडा आमच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या घोकविला आहे. शाळेंत न गेलेल्या माणसालाही तो पाठ होता.

दुसरें स्वप्न आजीचें. स्वातंत्र्याच्या आधीं, आजा मुंबईस गिरणींत असतांना घरांत आजारपण आलें. आजीनें गांवच्या एका सावकाराकडून एकशें चाळीस रुपये उचलले आणि तो म्हणाला त्या जागीं अंगठा उठविला. विहिरीजवळचें भाताचें खाचर गेलें. शेत विकलें गेलें, एवढेंच तिला समजलें. कागदाची एक प्रत मात्र तिनें पेटींत जपून ठेविली. ती म्हणे, “आपलें राज्य आलें कीं शेत परत येईल.” १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पालघरला गोळीबार झाला, पांच जण पडले, तेव्हां ती म्हणाली कीं, आतां फार दिवस नाहींत. राज्य आलें. शेत आलें नाहीं. आमच्या उत्तरेस डहाणू-तलासरीच्या रानांत १९४५ सालीं गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर वारली बंधू वेठबिगारीविरुद्ध उठले. त्यांच्याजवळ तर अंगठा उठवावयाला कागदही नव्हता. तिकडे लग्नाच्या कर्जापायीं नवराबायको दोघेंही जमीनदाराचीं गडी होत. आजीला तें ऐकून आपलें दुःख धाकटें वाटे.

मी चौथींत गेलों तेव्हां आईनें तो कागद पेटींतून काढून माझ्यापुढें ठेविला. म्हणाली, “वाच.” मीं पाहिलें तों अक्षरें एकमेकांच्या गळ्यांत गळे घालून पळत होतीं. मला एकही लागेना. आई म्हणाली, “मग तूं शिकलास तें काय रे?” कागद मोडींत होता आणि शाळेंत मोडी नव्हती.

येथें जोतीराव फुल्यांची आठवण येते. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं निवेदन दिलें, तें त्यांच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळदां सांगतात. पण त्यांत त्यांनीं मुलांना काय शिकवा म्हणून लिहिलें आहे तें कोणी सांगत नाहीं. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करा, आणि त्यांत बालबोध व मोडी दोन्ही लिहिणें-वाचणें, हिशेब, शेतीचें प्राथमिक ज्ञान हीं घाला, असें त्यांचें मागणें होतें. मोडी कशाला? तर कुळकर्ण्याची आणि सावकाराची लिपि ती होती म्हणून! जेथें गरिबाची जमीन बांधून ठेविली आहे ती गांठ त्यास स्वतःच्या हातानें सोडतां आली पाहिजे, इतका तो साधा विचार आहे. त्या निवेदनानंतर नव्वद वर्षांनीं चौथींतला एक पोर आईपुढें मुकाट बसला होता.

शेवटीं दोन कोसांवरच्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे आई आणि आजी मला घेऊन गेल्या. ते जातीनें ब्राह्मण. पण खरें तें बोललें पाहिजे, त्यांनीं एक पैसा घेतला नाहीं, उलट आम्हांला चहा पाजला. त्यांनीं कागद दोनदां वाचला. मग हळूच म्हणाले, “ही कायमची विक्री नव्हती. मुदत खरेदी होती. पांच वर्षांत रक्कम परत केली असती तर शेत तुमचें तुम्हांला द्यावें लागलें असतें.”

आजी म्हणाली, “म्हणजे पांच वर्षें तें आपलेंच होतें?”

पुढची गोष्ट तिला आणि आईलाच ठाऊक होती. तिसऱ्या वर्षीं आजानें गिरणींतून दोनशें रुपये सांठवून आणले होते. ते घराच्या कौलांना घातले, कारण शेत तर गेलेंच, असें सगळे धरून चालले होते. पैसा घरांत होता, मुदत कागदांत होती, आणि दोहोंच्या मध्यें अक्षर नव्हतें. आजी त्या रात्रीं जेवली नाहीं. छपराकडे पाहत बसली.

तिसरें स्वप्न आईचें, आणि तें त्याच दिवशीं जन्मलें. “आपला कागद मी आपल्या डोळ्यांनीं वाचीन,” असें ती म्हणे. आम्ही हंसत असूं. वीस वर्षांनीं गांवांत रात्रीचा साक्षरतेचा वर्ग निघाला, त्यांत पंचावन्नाव्या वर्षीं ती जाऊन बसली. पाटीवर ‘कमल’ गिरवितांना तिला कंटाळा येई. तिनें शिकविणाऱ्या मुलीला सरळ सांगितलें, “बाई, मला कमळ नको, सातबारा शिकव.” ती मुलगी शहाणी, तिनें खरोखरच सातबाऱ्याचा उतारा फळ्यावर लिहिला. आईनें आमच्या उरलेल्या शेताचा उतारा बोट ठेवून वाचला. खातेदार, गट क्रमांक, क्षेत्र, आकार. वाचून झाल्यावर तिनें विचारलें, “ह्यांत मी कोठें आहें?”

ती कोठेंच नव्हती. चाळीस वर्षें लावणी तिनें केली, पण नांव वडिलांचें आणि काकांचें.

शेतकरी संघटनेनें १९८९ सालीं अमरावतीच्या अधिवेशनापासून लक्ष्मीमुक्तीची हांक दिली होती कीं, शेतकऱ्यानें आपण होऊन जमीन घरच्या लक्ष्मीच्या नांवें करावी. तें वारें आमच्यापर्यंत पोंचलें होतें. वडील आधीं गप्प राहिले. मग एके दिवशीं भिंग खालीं ठेवून म्हणाले, “जन्मभर लोकांच्या बायकांच्या दागिन्यांचीं फुलें कोरलीं. माझ्या बायकोचें नांव एका ओळींत बसत नाहीं?” आमच्या वाटणीच्या हिश्श्यावर तिचें नांव लागावयाला सात फेऱ्या पडल्या. ज्या कचेरींत पडल्या तिचें नांव घेत नाहीं. नवा उतारा आला तेव्हां आईनें तो शेजारणींना वाचून दाखविला. दोघींनीं आपापले उतारे दुसऱ्या दिवशीं आणले.

मुलींच्या बापांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि सबंध देशानें २००५ सालीं कायदा करून हिंदु कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतींत मुलीला मुलाइतका हिस्सा दिला आहे. ‘हक्क सोडल्याच्या’ कागदावर भाऊबिजेच्या दिवशीं बहिणीची सही घेणारे भाऊ ह्या सभेंतही असतील. ओवाळणींत साडी द्यावयाची आणि सहींत शेत घ्यावयाचें, ही सावकारी नव्हे तर काय?

हें जुनें उगाळण्याचें कारण आजचें आहे. अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें अणुवीजकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठीं उठलीं. त्या भट्ट्या २००५ आणि २००६ सालीं चालू झाल्या. वाढवण बंदराचा पाया ३० ऑगस्ट २०२४ रोजीं घातला गेला. बुलेट ट्रेनचें एक स्थानक बोईसरला ठरलें आहे. वाढवण-वरोरच्या मासेमाऱ्यांचें आणि ठसेवाल्यांचें काय व्हावयाचें, ह्यावर मी दुसऱ्या सभेंत बोलेन. तो विषय दहा मिनिटांचा नाहीं. पण दलाल दारांत येऊं लागले आहेत हें आपण पाहतां. त्यांच्या हातांतले कागद मोडींत नसतात. ते इंग्रजींत असतात. आपलीं शिकलेलीं मुलेंही पहिल्या पानाखेरीज वाचीत नाहींत आणि ‘येथें सही करा’ म्हटलें कीं करतात. अंगठ्याच्या जागीं सही आली, एवढाच फरक पडला.

वडील गेले, आई गेली. तिचा चष्मा आणि तो मोडी कागद माझ्यापाशीं आहे. माझा पुतण्या मोडी शिकला आहे, आणि धाकटी सून वकिलाच्या कचेरींत काम करते, तिला इंग्रजी दस्त समजतात. येत्या शनिवारपासून संध्याकाळीं सहा वाजतां आम्ही आमच्या ओटीवर बसणार आहोंत. कोणाही जातीचा माणूस येवो. जुना कागद असो, नवा असो, करारनामा असो, नोटीस असो, मोबदल्याचा तक्ता असो, मोठ्यानें वाचून त्याचा अर्थ सांगूं. पैसे नाहींत. बायकांनीं नवऱ्यांबरोबर यावें, एकट्या आल्या तरी चालेल. मूळ कागद घरीं पेटींतच ठेवा, नक्कल आणा. आणि वाचून होईपर्यंत कोणी दलाल घाई करूं लागला तर त्याला सांगा, शनिवारपर्यंत थांब.